पार्किन साहेबाला गाऱ्हाणं

५ फेब्रुवारी १९८६
आज रुजू झाले. इंग्रजांच्या काळातलं पार्किन साहेबाचं औषधांचं दुकान, आता संग्रहालय. मी देखरेखीला. तूर्त टेम्पररी, पण मार्चच्या इन्स्पेक्शननंतर परमनंट होणारच. अप्पांनी चौथीपर्यंत मला घरीच शिकवलं, त्यामुळे शिस्त अंगात आहे. काउंटरमागे पार्किनचा प्लास्टरचा पुतळा, हातात खलबत्ता. शेजारी 'हात लावू नये' असा बोर्ड लावला. शिपाई काशीराम, तोही टेम्पररीच, म्हणाला, इथे येतोय कोण हात लावायला. कामचुकार. त्याच्याशी कामापुरतंच बोलायचं.

११ फेब्रुवारी
पुतळ्याच्या पायाशी नारळ! नाक्यावर मासे विकणाऱ्या मथुरेचं काम. पार्किनने म्हणे तिच्या आज्याला बरं केलं होतं. म्हणून तिने गुडघ्यासाठी इथे गाऱ्हाणं घातलं आणि गुडघा दुखायचा थांबला. हे प्लास्टर आहे, असं शांतपणे समजावलं. ती म्हणाली, "आणि गणपती कशाचा असतो वो बाय? मातीचाच ना?"
वाद घालणं माझ्या पदाला शोभत नाही. तिला वाटलं असेल, जिंकली.

१४ फेब्रुवारी
नवा बोर्ड: 'हे देवस्थान नाही.' अक्षर उत्तम आलं. दुपारपासून लोक बोर्ड बघून चपला बाहेर काढतात. अडाणी गाव.

२० फेब्रुवारी
नारळ वाढले. काशीराम घरी नेतो. सरकारी आवारातला नारळ कोणाचा, असं त्याला लेखी विचारलं. त्याच्या बायकोने नारळाच्या वड्या पाठवल्या. परत करणं उद्धटपणाचं झालं असतं, म्हणून खाल्ल्या. साखर कमी होती.

२७ फेब्रुवारी
जालीम उपाय. पुतळा मागच्या खोलीत हलवून कुलूप लावलं. विषय संपला.

२८ फेब्रुवारी
विषय संपलेला नाही. लोक कुलपाला हळदकुंकू लावतात. एका म्हाताऱ्याने विचारलं, गाभारा कधी उघडतो. औषधांच्या बरण्यांकडे कोणी ढुंकून बघत नाही. हे सगळे मिळून माझी नोकरी घालवणार. मुद्दाम करतात.

९ मार्च
उद्या इन्स्पेक्शन. रात्रभर झोप नाही. कुलूप नीट आहे ना ते बघायला गेले. उघडून बघितल्याशिवाय कसं कळणार, म्हणून उघडलं. आत आवाज घुमतो का, हे तपासण्यासाठी चार वाक्यं बोलले. 'माझी नियुक्ती कायमस्वरूपी व्हावी, अशी नम्र विनंती' वगैरे. केवळ उदाहरणादाखल.
दारात मथुरा. म्हणाली, "असं पुस्तकातलं बोलून त्याला काय कळायचं? सरळ सांगा, नोकरी पक्की कर म्हणून."
तिचा गैरसमज झाला आहे, असं तिला स्पष्ट सांगितलं. मग सरळही एकदा बोलून बघितलं. आवाज घुमत नाही.

१० मार्च
इन्स्पेक्शन उत्तम. मुंबईचे अधिकारी बरण्यांपाशी जेमतेम थांबले. माझी फाईल त्यांनी चाळली नाही, म्हणजे विश्वास बसला. पार्किन साहेब कुठे आहे, असं विचारलं. मी कुलूप काढताच बूट काढून आत गेले, बराच वेळ बाहेर आले नाहीत. जाताना म्हणाले, इतकी गर्दी दुसऱ्या कुठल्याही संग्रहालयात नाही. मी नम्रपणे मान खाली घातली. काशीराम उगाच हसत होता. परमनंट झाले की पहिली त्याची बदली.

२ एप्रिल
ऑर्डर आली. वाढती गर्दी पाहता संग्रहालयात एक पद कायम करण्यात येत आहे. पद रखवालदाराचं. काशीरामला. माझी मुदत महिनाअखेर संपते.
मथुरा त्याच्यासाठी पेढे घेऊन आली. मलाही एक दिला. म्हणाली, "मनाला लावून घेऊ नका. त्याचं गाऱ्हाणं तुमच्या आधीचं होतं."
घरी येऊन तक्रारअर्ज लिहायला बसले. 'माननीय साहेब' इथपर्यंत लिहिलं. अप्पांनी डोकावून विचारलं, कुठल्या साहेबाला?
मी 'माननीय' खोडलं, नुसतं 'साहेब' ठेवलं.