आसियाच्या शेजारची जागा

१ फेब्रुवारी २०२२, सकाळी
आसियाला शाळंत बोलावलंय! अख्ख्या उंब्रजला सांगून झालं. नात माझी चौथीत. जन्मापास्नं पाय अधू, वॉकर धरून चालती. कोरोनापायी दोन वर्सं मोबाईलवरच शिकली, शेजारी मी. मी दुसरीतनंच शाळा सोडलेली, पण तिच्यासंगं बसून भागाकारापर्यंत आले. लय मजा. असो. ठरवलंय, फाटकापर्यंत सोडायचं आन् मागं फिरायचं. आत जायचं न्हाई.

संध्याकाळी
आत गेले. जावंच लागलं. वॉकरसाठी पायऱ्यांशेजारी उतार बांधलाय झ्याक, पण त्यावर गुरुजींच्या मोटारसायकली! वरडले, तवा हलल्या. मग तिच्या बाकावर जरा टेकले. जरा म्हणता म्हणता शाळा सुटली.

३ फेब्रुवारी
आम्रपाली मॅडमनी आसियाला विचारलं, छप्पन्न भागिले आठ? मी हळूच कानात सांगितलं. मॅडम म्हणाल्या, अख्तरबी आजी, तिला सांगू द्या. मी म्हणलं, आवं, मोबाईलवर दोन वर्सं मीच सांगत हुते की, तवा शाब्बास म्हणायचा! पोरं खिदळली. आसियानं मान खाली घातली ती घरी येईस्तवर वर केली न्हाई. दमली असंल.

४ फेब्रुवारी
आसिया म्हणती, दादी, तू येणार असशील तर मी न्हाई जात. मोबाईलच बरा. सून सबीना माझ्यावरच घसरली. अम्मी, पोरगी आता घरी बसली तर कायमची बसंल, म्हणती. मला काय कळत न्हाई व्हय? वर्गात बसणं बंद. आता व्हरांड्यात बसायचं.

८ फेब्रुवारी
व्हरांडा. खोकून पोरीला खुणावलं, खिडकीतनं बोटं दाखवून उत्तर सांगितलं. पोरगी बघतच न्हाई! मॅडमनी खिडकी लावून घेतली. आत लेकरं उकडून निघाली असतील, कुणाला काळजी हाय? उद्यापास्नं जाणारच न्हाई. गेले तरी खोकणार न्हाई.

१२ फेब्रुवारी
तापानं अंथरूण धरलेलं. तरी लिवते. मॅडमचा फोन आलता. आजी, आसिया वर्गात बोलायला लागली! दोन उत्तरं चुकली, पण स्वतः उभी राहून सांगितली, म्हणाल्या.
माझं काळीज सुपाएवढं झालं. म्हणलं, बघा, माझी मेहनत! कवापास्नं बोलती?
बुधवारपास्नं, म्हणाल्या.
ताप बी बुधवारचाच.