राखणदार वाढवला पाहिजे

४ एप्रिल २०१६
लेकरांच्या अँटिबायोटिकचे थेंब बाटलीत पिवळे पडताहेत. ते मी थांबवणार. जूनपर्यंत नितळ राहिले तर फॉर्म्युलेशन मॅनेजरची कूलरवाली केबिन माझी, असं आमचे जीएम काकासाहेब सगळ्यांसमोर बोलले. सोपं आहे. बफर कमी पडतोय. जेवताना अंबिकाला समजावलं, बफर म्हणजे औषधाचा राखणदार, आंबटपणा जागचा हलू देत नाही. ती म्हणाली, आधी आपला ड्रम राखा. मुकुंदवाडीत आठवड्याला एक टँकर. समोरच्या सातमजली बिल्डिंगच्या सिमेंटला मात्र रोज पाणी. संताप! ड्रमला कुलूप लावलं, किल्ली जानव्याला बांधली.

१२ एप्रिल
फॉस्फेट बफर दुप्पट. सहाव्या बाटलीला डबाच संपला, चिमूटभर पडला. ती धरायची नाही. लॅबमधल्या नव्या सावनीला सांगितलं, ओतून टाक. बाकीच्या टिकाऊपणा तपासायच्या चाळीस डिग्रीच्या चेंबरमध्ये. बाहेर बेचाळीस. बाटल्या माझ्यापेक्षा सुखी.
वाळूजला कंपनीत येणाऱ्या टँकरला गाळाचा वास. कँटीनचा चहा त्याच पाण्याचा. शी! घरी येऊन दोनदा आंघोळ केली.

२९ एप्रिल
पिवळं. पण pH जागचा हललेला नाही. म्हणजे बफर चोख, औषधच नालायक. सावनी म्हणाली, सर, काही औषधांना बफरच फोडतो, जितका जास्त तितकं लवकर. कमी करून बघू या का? कालची पोर! राखणदार कमी केले की चोऱ्या थांबतात, हे कुठे ऐकलंय? चौपट केला.
ड्रम अर्ध्यावर. शेजारचा कडुबा येता-जाता त्याच्याकडे बघतो. उद्यापासून पाळत.

१४ मे
बाटलीत चहाचा रंग. कँटीनच्या चहालाही इतका येत नाही. हात धुतले, मग तोंड, मग घरी आंघोळ. किळस आली की मला राहवत नाही, त्याला काय करणार?
आता सॉल्व्हंट बदलतो. औषध पाण्यानेही फुटतं. निम्मं पाणी काढून पाकासारखं प्रॉपिलीन ग्लायकॉल घातलं. बफर चौपटच. दुष्काळात तेवढीच पाण्याची बचत, हेही काकासाहेबांच्या कानावर घातलं.

१६ मे
बफरचं मीठ तळाशी बसलं. त्या चिकट पाकात म्हणे ते विरघळत नाही. ओंगळ दिसतं. तरी तळाशी बसलेलं कुठे जात नाही. एका अर्थी स्थिरच. काकासाहेब म्हणाले, केशवराव, हे लेकराला पाजायचं का चाटवायचं? रसायनशास्त्राचा गंध नाही माणसाला.
ड्रम रिकामा! कडुबाशी भांडलो. तो म्हणाला, मला काय करायचंय तुमचं पाणी, किल्ली तुमच्या गळ्यात हाय. उर्मट. अंबिका म्हणाली, कुंपणच शेत खातंय. अगदी बरोबर बोलली. शेजारी म्हणजे कुंपणच की. डोक्याला ताप झाला म्हणून टँकर आल्यावर आंघोळ केली.

३ जून
चेंबर उघडलं. सगळ्या पिवळ्या, कोपऱ्यात एक नितळ. सहावी! सावनीने ओतलीच नव्हती. काकासाहेबांनी उजेडात धरली, लई झाक म्हणाले. मी ताबडतोब सांगितलं, ही माझ्या हातची. खूश झाले. म्हणाले, मग असल्याच आणखी भरा, माझ्यासमोर.
भरल्या. रीतसर, हात आखडता न घेता, चौपट बफर घालून. सगळे बघत असताना चूक पुन्हा कशी करायची? सावनीनेही एक भरली. चिमूटभरवाली. बघवेना.

२० जून
माझ्या पिवळ्या. तिची नितळ. केबिन सावनीला. कूलरसकट.
मला टँकरवर घेतलंय. कंपनीचं पाणी मी राखायचं. जोखमीचं काम, ऐऱ्यागैऱ्याला देत नाहीत. काकासाहेब म्हणालेच, तुमच्यासारखा राखणारा दुसरा नाय. हसत होते, पण मनापासून.
घरी आंघोळ करून अंबिकाला ही बातमी दिली. ती पदर खोचून जवळ आली आणि माझ्या जानव्याची किल्ली सोडवून घेतली.