शून्य किलो कचरा

प्रिय ताई,

आधी नीट बस, पत्र लांबणार आहे. मी ठणठणीत आहे. बेकरी सोडली. त्याआधी रोपवाटिका का सोडली ते भेटल्यावर सांगेन, त्यात एका बोकडाचा हात आहे. सध्या मासेमारी बोटीवर जाळी सोडवते. मालकांना सगळे काका म्हणतात. पहिल्या दिवशी ओकून आडवी झाले तर म्हणाले, बाईसाहेब, माशांना जेवू घालून झालं असेल तर उठा.

धक्क्यावरच्या फलकाखाली तुझी सही बघून ऊर भरून आला गं! जाळ्यात आलेलं प्लास्टिक परत आणा, ते तोलून नोंदवा, मगच मासळी उतरवा. ही माझी सख्खी बहीण, असं मी सांगत सुटले आणि सगळे एकेक करून उठून गेले.

का, ते दुसऱ्या दिवशी कळलं. आमची बोट सहाला लागते, लिलाव आठला आटपतो आणि कचरा तोलणारे साहेब उगवतात दहाला. तोवर बर्फ वितळतो, मासळी मऊ पडते. म्हणून बंदराच्या तोंडाशी आलं की सगळ्या बोटी प्लास्टिक गुपचूप पाण्यात सोडतात. वहीत लिहितात, कचरा शून्य किलो. ताई, मीही सोडलं, या हातांनी. दोऱ्या, बाटल्या, एक तान्ह्या बाळाची चप्पल. ती मेली कितीतरी वेळ आमच्या मागे मागे येत होती.

चार दिवसांपूर्वी पेपरात तुझा फोटो आला. (केस असे घट्ट बांधू नकोस, आई दिसतेस.) त्याच शून्यांवरून तू म्हणालीस, समुद्र स्वच्छ होतोय. आता हाच नियम सगळ्या बंदरांना लागणार म्हणे. अगं, मासळी आधी उतरू दे. कचरा आम्ही धक्क्यावर ठेवून जाऊ, साहेबांनी चहा पिऊन सावकाश तोलावा. काका म्हणतात, एवढं करा, आम्ही समुद्र खरवडून आणतो.

शुक्रवारपर्यंत हरकती घेणार आहात ना? मग हे पत्र हरकत म्हणून दाखल कर. तुझेच आकडे खोटे ठरतील, साहेबलोक तुला बोलतील, मला ठाऊक आहे. म्हणून चार दिवस लिहायचं टाळलं. पण खोटं कौतुक तुला पचायचं नाही. मी कचरा टाकला ते खोडू नकोस. काकांना मात्र सांभाळ. आणि हरकतीला कायमचा पत्ता लागतो, तो माझ्याकडे नाही. तुझ्या घराचा घालशील?

तुझीच उनाड,
भिंगरी