अनवाणी मामा

पवनानगर,
रविवार

तीर्थरूप अक्काच्या चरणी धाकट्या बजरंगचा साष्टांग नमस्कार. (आठांपैकी एका अंगाचा खालचा भाग लोणावळ्यात बनलेला आहे, तरी तू आठच मोज.) तुझे गुडघे, दाजींचा खोकला आणि गाभण म्हैस, तिन्ही ठीक असावीत. इकडे आम्ही खुशाल आहोत, आणि या खेपेला हे खोटं नाही. फोनच केला असता, पण पायाचा विषय निघाला की तू रडतेस आणि सांगायचं ते राहून जातं.

दिवाळीत मी तुला म्हणालो होतो, सृष्टीच्या लग्नात तिच्यामागे मामा म्हणून आपल्या चुलत नथूला उभं कर, मी खुर्चीत बसेन. म्हणताना हसत होतो, पण ते हसू खोटं होतं. साखरेनं गुडघ्याखालचा पाय नेला त्याचं दुःख एकदाच झालं; त्याजागी मिळालेल्या पहिल्या पायाचं रोज होत होतं. बनवणाऱ्यानं माप असं घेतलेलं, जसं शिंपी वाढत्या पोराच्या शाळेच्या चड्डीचं घेतो. चार पावलांत फोड. शेवटी तुझ्या भावजयीनं, रतननं, तो पाय दाराला अडणा म्हणून लावला. त्या कामात मात्र त्याची कधी तक्रार आली नाही.

नवा पाय लोणावळ्याच्या यशोधराबाईंनी केला. वयानं आपल्या सृष्टीएवढ्याच, पण नजर सासूची. ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून त्यांनी उरलेल्या पायाचा साचा घेतला, हाड कुठं टोचतं आणि मांस कुठं भार सोसतं ते बोटानं दाबून पाहिलं, आत मऊ अस्तर घातलं आणि विचारलं, कसं वाटतंय? मी म्हणालो, "लय बेस." (आपल्या घराण्यात पाहुणचाराला आणि डॉक्टराला नावं ठेवत नाहीत.) त्यांनी मला बाजारापर्यंत चालवून आणलं, पाय काढायला लावला आणि कातडीवरचे तांबडे डाग मोजले. "काका, तुम्ही खोटं बोलता, तुमची कातडी नाही बोलत." असं तीनदा झालं. प्रत्येक वेळी त्या आतून थोडं घासायच्या, थोडं भरायच्या. चौथ्या खेपेला एकही डाग नव्हता. त्या आनंदात मी पुन्हा बाजारात गेलो आणि गरज नसताना कोथिंबिरीची जुडी घेऊन आलो.

जीपमधून उतरून ऐटीत घरी आलो, उंबऱ्याशी बूट काढले, आत पाऊल टाकलं आणि मागे कलंडलो. उठलो, पुन्हा मागे. रतननं तोंडाचा वास घेतला. "दिसाढवळ्या पिऊन आलाय व्हय?" सकाळी बूट घालून अंगणात फिरलो तर खांबासारखा ताठ, घरात शिरलो की मागे. शेजारच्या धोंडाबाईंनी घराची दिशाच चुकलीय म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी लोणावळ्यात ही कहाणी ऐकून यशोधराबाईंनी कपाळावर हात मारला. पाय बसवताना मी बुटात होतो, म्हणून सगळा तोल त्या बुटाच्या उंच टाचेवर बांधलेला. टाच गेली की माणूस मागे. घरात अनवाणी असता हे सांगायला नको का, म्हणाल्या. (त्या स्वतः अनवाणीच उभ्या होत्या.) मी म्हणालो, "तुमी इचारलं न्हाई, बाई. आन् मामा बोहल्यावर बूट घालून हुबा ऱ्हातो व्हय?" मग लग्नाचं सगळं सांगावं लागलं. ऐकून त्यांनी घोट्याचे स्क्रू सैल केले आणि अनवाणी तोल बसवून दिला. आता बूट वर्ज्य, सपाट चपला चालतात.

अक्का, डोक्यावरचा भारा उतरल्यासारखं वाटतंय. खुर्ची नको. सृष्टीमागे मीच उभा राहणार. नथूला म्हणावं, तू पंगतीचं बघ.

तुझा,
बजरंग

ता. क. : सराव चालू आहे. सृष्टीच्या जागी भाताचं पोतं उभं केलंय आणि रतन मंगलाष्टकं म्हणते. पाचापर्यंत मी ठणठणीत असतो. सहाव्याला पोत्याला धरावं लागतं. सातव्याला काल आम्ही दोघंही खाली आलो, पोतं आणि मी.

आणखी एक ता. क. : दाजींच्या भगिनी शकुबाई स्वतः रचलेली अकरा मंगलाष्टकं माइकवर म्हणणार आहेत असं कानावर आलं. खरं तर एवढं पत्र त्याचसाठी लिहिलं. दाजींना न दुखवता त्यांना दोनावर आणता आलं तर बघ. नाहीच जमलं तर म्हणू देत अकरा, मी उभा राहीन. सृष्टीला फक्त एवढं सांगून ठेव, की पाचव्यानंतर मामानं खांद्यावर हात ठेवला तर तो नुसता आशीर्वाद समजू नको, पाय रोवून उभी राहा.