सहाही तारा

एकोडी, ७ नोव्हेंबर
राईस मिलमध्ये फोरमन म्हणून रुजू झालो. गोदावरीबाईंनी अंगणाकडची खोली भाड्याने दिली. भिंती कोरड्या, प्लग तीन पिनांचा. अर्थिंग मी स्वतः तपासलं, ठीक आहे. बाईंनी गिटार पाहून विचारलं, भाऊ, हे शिकले कोनापाशी. म्हटलं, कोणापाशीच नाही. हे मी मुद्दाम सांगतोच.

दर रविवारी संध्याकाळी अंगणात बैठक ठरली. शेजारचे केवळराम खंजिरी आणणार, मिलमधला अमर पेटी. त्या दोघांपुढे माझी गिटार ऐकूच जाणार नाही. आवाज मोठा करणारा डबा, छोटा ॲम्प, घ्यायलाच हवा.

९ नोव्हेंबर
साकोलीहून, मंगेशच्या दुकानातून, दोन ॲम्प पारखायला आणले. पहिला नवा, पाच वॅटचा. एकच आवाज, पण स्वच्छ. दुसरा जुना, नावाची पट्टी निघालेली. पण बॅटरीवरही चालतो, साधा आवाज, खरखरीत आवाज, घुमारा, फोन जोडायची सोय, सगळं त्यात.

माझी कसोटी एकच: एफ कॉर्ड. पहिलं बोट सहाही तारांवर आडवं दाबावं लागतं आणि माझी दुसरी तार वीस वर्षं थप्प बोलते. पहिल्या ॲम्पने ती थप्पच ऐकवली. दुसऱ्यातून सहाही तारा खणखणीत वाजल्या. स्पीकरचा दर्जा, दुसरं काय. हाच ठेवणार.

१० नोव्हेंबर
बैठक जमली. केवळराम म्हणाले, फोरमनसाहेब, हात घरचाच आहे का कोनाचा मांगून आनला. मी म्हटलं, रियाज.

मंडळी गेल्यावर पहिलं बोट मुद्दाम उचललेलं ठेवून एफ छेडली. पूर्ण वाजली. मग बोट आपणहून खाली गेलं आणि आडवं बसलं. इतकं सरळ ते कधीच बसलेलं नाही.

१२ नोव्हेंबर
मिलमध्ये धानाचा दाणा नखाने सोलून पाहायचा असतो. बोटं वाकेनात. दोन्ही हात लाकडासारखे. हमालांना थंडीचं कारण सांगितलं. घरी येऊन कोपराने ॲम्प सुरू केला, तर बोटं लगेच मोकळी.

उद्यापासून बॅटरीवर सोबत नेईन. गाणी ऐकायला, असं सांगेन.

केवळरामांना सांगावं का? मग रविवारचा हात कोणाचा होता तेही सांगावं लागेल. नाही.

१४ नोव्हेंबर
ॲम्प परत करायला साकोलीला गेलो. मंगेशने काउंटरवर घेऊन बटण बंद केलं. हात गळाले. आत घेतलेला श्वास बाहेर येईना. हनुवटीने बटण दाबलं तेव्हा सुटला.

मंगेश पाहतच राहिला. म्हणाला, आधीचे गिऱ्हाईक बी असेच परत कराले आले होते न घेऊनच गेले. मी विचारलं, मग? म्हणाला, मंग त्यांच्या घरच्यांनी आनून देल्ला.

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, मलाच आवडलाय. ठेवतो.

१६ नोव्हेंबर
गावाला वीज देणारी डीपी जळाली. मिलही बंद. चार्जिंग कुठेच नाही —

गोदावरीबाई म्हणतात, भाऊ, रातभर तो डबा गुनगुनते न तुमी त्याच्यासंग घोरता. तो थांबला का तुमीबी थांबता.

हसून सांगत होत्या.

१७ नोव्हेंबर
ॲम्पच्या बॅटरीचा लाल दिवा लागलाय. सकाळीच आवाज गेला, शब्द फुटत नाही. दुपारी डावा हात. उजवा अजून चालतो. लाईनमन संध्याकाळी येणार म्हणे —

केवळराम आले. बैठकीला लवकर आले. घसा बसला का म्हणून हसताहेत. उठायला जातो तर पाय —

म्हणून हे त्यांच्यासाठी लिहितोय. केवळरामजी, रविवारचा हात माझा नव्हता. ॲम्प बंद करू नका. श्वास त्याच्यावर —

डब्यापाशी वाकले. म्हणतात, लाल दिवा लागला, बैठकीपुरती तं बॅटरी उरली पायजे.

वही पुढे सरकवली. म्हणतात, वाचतो ना साहेब, पयले हे बंद तं करू द्या —

केवळरामजी वाचा आधी, ते बट