सुईची तीन उत्तरं

मुंबई,
ता. ५ नोव्हेंबर १९५७

चि. सोपान यास अ. उ. आ.,

तुझं कार्ड पोचलं. मी पाठवलेल्या दोन चकत्यांतली नव्या सिमेंटची जुनीपेक्षा गुळगुळीत भरली, हे वाचून दवाखान्यात एकटीच हसत बसले. दातात भरलेलं सिमेंट खडबडीत राहिलं की अन्न चिकटतं आणि दात पुन्हा किडतो, हे वर्षभर सांगतेय. बाईमाणसाचं ऐकतो कोण? आता तुझ्या कारखान्यातल्या, खडबडीतपणा मोजणाऱ्या सुईचा आकडा हाताशी आहे. अठराला दंतवैद्यांच्या सभेत निबंध वाचीन. आईचा पुढचा दातही नव्या सिमेंटनंच भरू. तिला घेऊन कधी येतोस? डबा वेळेवर खात जा.

तुझ्या खुशालीची वाट पाहणारी,
इंदुताई

चिंचवड,
ता. ९ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.,

आई निघाली होती, मीच थांबवलं. ताई, त्या दोन चकत्यांवरून मी सुई तीनदा फिरवली होती. एकदा नवी गुळगुळीत आली, दोनदा जुनी. तुला तिथं सारखं मागे ठेवतात हे डोक्यात होतं, म्हणून तुला आवडेल तोच आकडा कळवला.

आमच्या मोजणीखोलीतल्या आबाजींना काल विचारलं. ते म्हणाले, लोखंडी दांडा कुठंही मोजा, फारसा फरक पडत नाही. हातानं दाबलेलं सिमेंट बोटभर अंतरावर बदलतं. एकदा मोजून काहीच ठरत नाही. आईला सगळं सांगितलं. तिनं दौत तेवढी पुढ्यात आणून ठेवली.

रागाव, पण पत्र पाठव.
तुझा सोपान

मुंबई,
ता. १९ नोव्हेंबर

चि. सोपान यास अ. उ. आ.,

दोन दिवस खरंच रागावले होते. मग काल सभेत उभी राहिले आणि सांगितलं की नवं सिमेंट सरस आहे असं मला म्हणता येत नाही, कारण त्याच चकत्यांनी तीनदा मोजल्यावर एकच उत्तर दिलं नाही. पुढचे दोघं हसले. मागून एका वृद्ध डॉक्टरांनी विचारलं, आपण छापतो त्यातले किती आकडे एकदाच मोजलेले असतात? मग कुणी हसलं नाही. किती वेळा मोजलं म्हणजे भरवसा धरावा, यावरच त्यांनी मला निबंध लिहायला सांगितलाय.

माझ्या मागे पडण्याची काळजी तू वाहू नकोस, बाळा. तुझं ते पत्र मी ट्रंकेत जपून ठेवलंय.

शनिवारी वीस चकत्या घेऊन येते. आबाजींची परवानगी काढून ठेव. परतताना आईला बरोबर आणीन, तिचा दात जुन्याच सिमेंटनं भरीन. तू सुई फिरव, मी लिहून घेईन. येईल तो आकडा येऊ दे.

तुझीच,
ताई