लिंबाची गोष्ट

१२ ऑगस्ट ७८
संपादकांचं कार्ड आलं. यंदाचा दिवाळी अंक प्रेमावर. ‘कविता किंवा कथा द्या, सोबत प्रेमाची व्याख्या एका ओळीत.’ खाली हिरव्या शाईनं, ‘तुमच्या समाजाचा अनुभव यायला हवा.’ आमचा समाज प्रेम वेगळं करतो की काय. दुपारभर मी वर्गात मुलांवर उगाच खेकसले.

२० ऑगस्ट
जयंती मंडळाचे भाऊ आले होते. तीन कविता दाखवल्या. चष्मा कपाळावर सारून म्हणाले, "ताई, तिकडं मराठवाड्यात आपल्या लोकांची घरं जळतायत, आन् तुम्ही हे? प्रेमाचे लाड आपल्याला परवडायचे नाय."
घरं जळतायत हे खरंच आहे, वाचून जेवण जात नाही. पण म्हणून माणसानं बायकोवर जीव लावायचा थांबवायचा? भाऊंची बायको रोज त्यांच्यासाठी जेवायची थांबते. तिला परवडतं का, तेही विचारा म्हणावं.

३ सप्टेंबर
गोष्ट लिहिली. कळवणच्या शाळेत होते तेव्हाची. लग्न नवं, नोकऱ्या दोन गावांना. ओझरच्या कंपनीत आठवडाभर राबून आमचे य. रविवारी मला एस.टी.नं सोडायला यायचे. वणी सोडली की मला मळमळायचं. बोलायचे काही नाहीत. खिशातून लिंबू काढायचे, नखानं साल खरवडून माझ्या हातात द्यायचे. शर्टाच्या खिशाला डाग पडायचे. एवढंच.
व्याख्येची जागा कोरी सोडली. लिंबू कळलं तर कळलं.
य.ना वाचून दाखवली. "यात गोष्ट कुठंय?" म्हणाले. कान मात्र लाल झाले होते.

२४ सप्टें.
संपादकांचं बोलावणं. कॉलेज रोडचा बंगला, काचेच्या बशीत चिवडा. "भाषा छान आहे हो. पण ही कुणीही लिहिली असती. तुमची वाटत नाही." म्हटलं, कुणाचीही वाटावी म्हणूनच लिहिलीय. हसले. "त्या गाडीत तुम्हाला कुणी काही बोललं नाही?" नाही. "कधीच नाही?"
इतर ठिकाणी बोललेत की. खोली शोधताना आमचं आडनाव ऐकलं की रिकाम्या खोल्या भरलेल्या निघायच्या. लिहीन तेही, पण मला वाटेल तेव्हा. त्या गाडीत फक्त लिंबू होतं. "बरं, बघतो," म्हणाले.

२१ ऑक्टोबर
अंक आला. मधे एक परिच्छेद घातलाय त्यांनी. माझ्या गोष्टीत, माझ्या नावावर, न विचारता. वणीला एक फेटेवाला चढतो, नवऱ्याला आडनाव विचारतो, ‘ऊठ तिथून’ म्हणतो. आणि नवरा मान खाली घालून उठतो. डोळ्यांत पाणी. बायको त्याचा हात धरते. लिंबू दोन ओळींत उरकलंय. व्याख्याही भरली त्यांनीच, ‘प्रेम म्हणजे एकमेकांचं दुःख वाहणं’.
शेजारच्या पानावर एका बाईंची कविता. चांदणं, गजरे, तळ्याकाठची भेट. त्यात कुणाला काही घालावंसं वाटलं नाही.

२५ ऑक्टो.
आज जेवताना य. म्हणाले, "सुपरवायझरनी चहा पाजला. खांद्यावर हात ठेवला. आठ वर्षांत पहिल्यांदा." मग ताट सारून, "मी उठलो नसतो, सुमन."
म्हटलं, अहो, ते मी लिहिलेलं नाही.
"मला माहितीय. कंपनीत कुणाकुणाला सांगत फिरू?"

१६ नोव्हेंबर
संपादकांना खरमरीत लिहिलं होतं. उत्तर आलं. वाचकांची सगळी पत्रं म्हणे त्याच परिच्छेदावर आहेत. मीच आभार मानायला हवेत बहुतेक.
बाजारात भाऊ भेटले. "ताई, आता जमलं बघा. जयंतीला तेवढाच तुकडा वाचा." ऑगस्टात परवडत नव्हतं. नवरा रडला, लगेच परवडलं. मी तसं तोंडावर बोलले. रागावले वाटतं. रागावोत.
संताप याचा येतो की संपादक आणि भाऊ एकमेकांचं तोंड बघत नाहीत आणि माझ्या नवऱ्याला उठवायला एक होतात.

१० जाने. ७९
निवडक प्रेमकथांचं पुस्तक निघतंय. माझी घेतलीय, छापलीय तशी. परिच्छेद काढायचा असेल तर गोष्टच राहू दे म्हणतात. संमतीची सही मागवलीय.
पुस्तकात नाव यावं असं फार वाटतं. कॉलेजात होते तेव्हापासून वाटतं. कशाला खोटं लिहू.
य.ना विचारलं. "तुझं लिखाण, तू ठरव." भांडी घासून झाल्यावर मागून आले. "गोष्टीतल्या त्या माणसाला बसू दे, एवढंच."

२१ जाने.
कळवणच्या हेडबाईंच्या मुलीचं लग्न. दोघं एस.टी.नं. मी खिडकीशी. दिंडोरीला एक म्हातारे बाबा चढले, एका हातात काठी, दुसऱ्यात पिशवी. आमच्या बाकाला टेकून उभे राहिले. य. उठतील म्हणून मी पाय आखडून घेतले. एरवी गाडीत पहिले उठणारे हे. उठले नाहीत. जबडा आवळून समोर बघत राहिले. बाबांनी विचारलं, "कुढं निघाले भाऊ?" य.नी समोरच्या बाकाचा दांडा घट्ट धरला.
तेव्हा समजलं काय झालंय ते. आपणहून, सहज उठायचे, ते त्या संपादकानं काढून घेतलं. बंगल्यात बसून, चिवडा खात. हे कुठल्या पत्रात लिहू आणि कोण छापेल.
मी उठले. बाबांना खिडकीशी बसवलं. वणीच्या पुढं वळणं लागली, दांडा धरून उभी होते, पोटात ढवळायला लागलं. य.नी माझ्याकडे न बघता खिशात हात घातला आणि लिंबू वर धरलं. साल आधीच खरवडलेली होती.
सहीचा कागद अजून पर्समध्येच आहे.